बांध फुटलेल्या शेतातली पीएच.डी.

पत्र: मावशी, मी सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावातली. वय २३. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला कांदळवनाच्या (खारफुटीच्या जंगलाच्या) पुनरुज्जीवनावर पीएच.डी. करायची आहे. नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) एक प्रयत्न थोडक्यात हुकला. वीस प्राध्यापकांना मेल केल्या, दोघांची उत्तरं आली, दोन्ही नकार. घरचे म्हणतात बी.एड. कर आणि मोकळी हो. इथंच प्रयत्न करू की परदेशी जाऊ? कुठली संस्था धरू? विषय नेमका काय घेऊ, तेही सुचत नाही. (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेलं आमचं खारातलं शेत आहे. त्याचा बांध आठ वर्षांपूर्वी फुटला, तेव्हापासून तिथं तिवरांचं, म्हणजे खारफुटीतल्याच एका जातीचं, रान माजलंय. त्यामुळे बाबांना माझा हा विषयच नकोसा आहे.)
– खाडीकाठची एक

प्रिय खाडीकाठची,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी तू विचारलेलं.

वीस मेल आणि दोन नकार म्हणजे काही वाईट प्रमाण नाही. मात्र त्या विसांतल्या अठरा मेल एकाच साच्यातल्या असणार, असा माझा अंदाज आहे. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट अबाउट मँग्रोव्ह्ज’ वगैरे. मी निवृत्त होईपर्यंत अशा मेल वाचल्या आहेत. त्या वाईट नसतात गं, पण त्यात माणूस दिसत नाही. पुढच्या वेळी पाचच जणांना लिही. प्रत्येकाचा एक तरी शोधनिबंध मुळापासून वाच, त्यातली कुठली गोष्ट तुझ्या खाडीत तशी दिसत नाही ते एका परिच्छेदात सांग, आणि तू स्वतः मोजलेलं काहीतरी जोड. दहा ओळींचा तक्ता चालेल. स्वतःचे आकडे घेऊन येणाऱ्या मुलीला ‘जागा नाही’ म्हणताना गाईडलाही दोनदा विचार करावा लागतो. अनेकदा जागा खरंच नसते, कारण एका गाईडकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा असते. तेव्हा तो निदान दुसऱ्याचं नाव सुचवतो.

आता नेट. पुन्हा दे. मी तिसऱ्या खेपेला पास झाले होते, त्यामुळे एका प्रयत्नाचं दुःख मला सांगू नकोस. लाइफ सायन्सेसचा पेपर वर्षातून दोनदा होतो. सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठीच्या अधिछात्रवृत्तीला, वयाची मर्यादा आहे, पण मुलींना त्यात पाच वर्षांची सवलत, म्हणजे तुझ्या हातात भरपूर वेळ आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. २०२३ पासूनचे हे दर आहेत. जेआरएफ हुकली तरी सगळं संपत नाही. २०२४ पासून यूजीसीने नेटचेच गुण पीएच.डी. प्रवेशाला धरायला सुरुवात केली आहे. त्या यादीत नाव आलं तर ते गुण वर्षभर चालतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत, तुझ्या प्रवर्गाला कुठली लागू होते ते बघून ठेव. एक मात्र कर, कुठलीही फेलोशिप असो, पहिले सहा महिने हातात पैसे येणार नाहीत असं धरूनच हिशेब मांड. आले तर उत्तमच.

परदेशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पगारी पीएच.डी. मिळत असेल तर जा, लाखो रुपये फी भरून दुसरी मास्टर्स करायला जाऊ नकोस. अमेरिकेत या विषयात बहुतेक पीएच.डी. असिस्टंटशिपवर होतात, फी माफ होते आणि महिन्याचा खर्चही निघतो. पण तिथं काम बहुतांशी खाऱ्या गवताच्या दलदलींवर चालतं, विशेषतः लुइझियानात. तिथली किनारपट्टी खचते आहे, त्यात २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं, त्याच्या भरपाईचा मोठा पैसा पुनरुज्जीवनाकडे वळला. कांदळवनच हवं असेल तर जर्मनीत ब्रेमेनला उष्णकटिबंधीय सागरी संशोधनाची लाइबनिट्स संस्था आहे, तिथली मंडळी आपल्यासारख्याच चिखलात काम करतात. आपल्या कांदळवन प्रतिष्ठानाचीही परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे, अटी दरवर्षी नीट वाचाव्यात. पण मला विचारशील तर आधी दोन पावसाळे इथंच घालव. का, ते पुढे सांगते.

इथं कुठं? गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथं एसीएसआयआर या सीएसआयआरच्याच अकादमीमार्फत पीएच.डी. करता येते. गोवा विद्यापीठ तुला घरापासून जवळ पडेल. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खारफुटीच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. या झाडांनी मिठाशी कसं जुळवून घेतलं यावर तिथं पूर्वी बरंच काम झालं. पूर्व किनाऱ्यावर तामिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे, पिचावरमचं कांदळवन तिथून जवळच. चेन्नईत किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथं प्रकल्पाच्या नोकऱ्या निघत असतात. आणखी एक नाव देते, ते तुला कुणी सुचवणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. ते भाताचं काम करतात, खाऱ्या मातीत तगणाऱ्या ‘पनवेल’ मालिकेच्या जाती तिथल्याच. त्यांना कांदळवनाशी काही देणंघेणं नाही, पण खाऱ्या मातीची त्यांच्याइतकी जाण वनस्पतिशास्त्रवाल्यांना नसते. तुझ्या विषयाला सहमार्गदर्शक तिथला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

गाईड निवडताना संस्थेच्या नावाला भुलू नकोस. तीन गोष्टी विचार: तुमचे किती विद्यार्थी पूर्ण झाले, किती वर्षांत झाले, आणि आता जे आहेत त्यांच्याशी मी बोलू का? तिसऱ्या प्रश्नाला जो गाईड चुळबुळ करतो, त्याच्याकडे जाऊ नकोस. त्या मुलांना भेटलीस की एकच विचार, सर चिखलात शेवटचे कधी उतरले होते?

आता चिखल. पुनरुज्जीवन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रोप येतं. मंत्री वाकलेत, हातात कांदळाची (हीही खारफुटीतली एक जात) शेंग, मागे बॅनर. या फोटोंचं काय होतं ते मी पाहिलंय. खूप वर्षांपूर्वी एका संस्थेच्या लागवडीवर आम्ही महिनाभर राबलो. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, दोऱ्या लावून सरळ रांगा, हजारो शेंगा. कांदळाची शेंग लावायला सोपी, कारण बी झाडावरच रुजून हातभर लांब होतं, फक्त उचलायचं आणि चिखलात टोचायचं. एक म्हातारी शिवल्या (खायचे शिंपले) वेचत होती. ती थांबून बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘बाई, हय कधी झाड होता काय?’’ आम्ही हसलो. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा रांगा जागच्या जागी होत्या, पण नुसत्या काड्यांच्या. काड्यांवर शंखशिंपल्यांचे थर चढलेले, पान एकही नाही. ती जागा इतकी खोल होती की भांगाच्या, म्हणजे लहानात लहान, भरतीलाही तिथं पाणी चढायचं आणि उतरायला उशीर व्हायचा. झाड तिथं कधीच नव्हतं. होत्या त्या शिवल्या, आणि आमच्या पायांनी आम्ही त्याही तुडवल्या. अहवालात मात्र लागवड पूर्ण.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. श्रीलंकेत त्सुनामीनंतर कांदळवन लावण्याची लाटच आली होती. तिथल्या २३ जागांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. हजार-बाराशे हेक्टरांवर लागवड झालेली, तगलेली जेमतेम २०० ते २२० हेक्टर. नऊ जागांवर एकही रोप शिल्लक नव्हतं. कारणं तीच, चुकीच्या उंचीवर लावलं आणि लावल्यावर फिरकलं कुणी नाही. फ्लोरिडातले खारफुटीचे तज्ज्ञ रॉबिन लुईस जन्मभर सांगत राहिले की खारफुटीला लावणारा माणूस लागत नाही. भरतीच्या पाण्याची वाट मोकळी करा, बिया आपल्या आपण येतील, रोपं लावायची ती अगदी शेवटी, गरज उरलीच तर. आपल्याकडे पिचावरमला स्वामिनाथन प्रतिष्ठानाने तेच केलं. पूर्वी झाडं सरसकट तोडल्यामुळे तिथली जमीन बशीसारखी खचली होती, भरतीचं पाणी आत येऊन साचायचं, उन्हात आटायचं आणि मीठ मागे राहायचं. त्यांनी माशाच्या काट्यासारखे चर खणले, मधे एक मोठा आणि बाजूंना तिरके फाटे. पाणी येऊ-जाऊ लागलं तसं मीठ उतरलं आणि रोपं धरली.

म्हणून सांगते, रोपं मोजणाऱ्यांची गर्दी आहे, पाणी मोजणारे कमी आहेत. केंद्र सरकारच्या मिष्टी योजनेत २०२३ पासून पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन उभं करायचं ठरलंय. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे एखाद्या प्रकल्पात खारफुटी गेली तर किमान तिप्पट क्षेत्रावर ती लावावी लागते. ही लागवड कुठं होते, पाच वर्षांनी तिथं काय उरतं, आणि जिथं लावतात तिथं आधी काय होतं, हे सांगणारी माणसं लागणार आहेत. नोकरीचं तू विचारलं नाहीस, तरी हेही सांगते: प्राध्यापकीची जागा कधी निघेल याचा भरवसा कुणी देऊ शकणार नाही, पण ज्याला खाडीची पातळी आणि क्षारता मोजता येते आणि जो चार ओळी सरळ लिहू शकतो, तो वन विभागाच्या प्रकल्पात, सल्लागार कंपनीत किंवा स्वयंसेवी संस्थेत रिकामा बसत नाही. पगार बेताचा असतो, आणि बऱ्याचदा वर्षाच्या करारावर. घरी हे लपवू नकोस.

आता तुझ्या कंसाकडे.

बांध फुटला, भाताचं शेत गेलं आणि कुणी न लावता तिथं तिवरं आली. अगं, जगभरची माणसं पैसे खर्चून जो प्रयोग मांडतात, तो तुझ्या घराखाली आठ वर्षं चालू आहे आणि त्याची वहीत एक नोंद नाही! तिवरच का आलं, कांदळ किंवा चिप्पी या खारफुटीतल्या दुसऱ्या जाती का नाहीत? की तीही आहेत, पण फुटीच्या तोंडाशीच? तिवराची बी बदामाएवढी, पाण्यावर तरंगत येते, साल टाकते आणि चिखल दिसला की धरते. मिठाचंही तिला फारसं वावडं नाही. पण शेताच्या कुठल्या कोपऱ्यात ती धरली नाही, आणि का? बांधाआडच्या जमिनीला वर्षानुवर्षं खाडीचा गाळ मिळत नाही, त्यामुळे ती बाहेरच्या खाजणापेक्षा खाली बसलेली असते. ती आता पुन्हा वर येतेय का, गाळ किती साचतोय? कोकणातल्या किती खारजमिनी अशा सुटल्या आहेत! अलिबाग-पेणच्या खारेपाटातले शेतकरी यावरून किती वर्षं ओरड करताहेत. गोव्यातल्या खाजन शेतीचं दुखणंही याच जातीचं. पुनरुज्जीवनवाल्यांना हा ‘आपोआप झालेला फायदा’ वाटतो, शेतकऱ्याला दरोडा वाटतो. तुझ्या प्रबंधात या दोन्ही बाजू आल्या नाहीत, तर तो अर्धाच राहील.

म्हणून बाबांवर रागावू नकोस. त्यांचं शेत गेलंय. आता ते रान तोडायचं म्हटलं तरी तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर जमीन कुणाच्या का मालकीची असेना, खारफुटीला हात लावता येत नाही. त्या माणसापुढे त्याची मुलगी येऊन तिवरांचं कौतुक करू लागली तर त्याच्या पोटात काय होत असेल? तू कौतुक करू नकोसच. प्रश्न विचार.

सुरुवात आत्ता कर, गाईड मिळायची वाट बघू नकोस. पैसे लागत नाहीत. गवंडी ओटा समपातळीत घेताना पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो ना, ती तीस मीटर आण. फुटीच्या तोंडापासून शेताच्या मागच्या टोकापर्यंत दर दहा पावलांवर बांबूची काठी रोव आणि नळीने सगळ्या काठ्यांवर एकाच पातळीची खूण कर. मग काठ्यांना चुन्याचा किंवा धुऊन जाईल असा कुठलाही रंग दे. उधाणाची भरती भरून थबकली की पाणी जिथवर चढलं तिथवर रंग धुतला जातो. दुसऱ्या दिवशी ओहोटीला खूण ते ओली रेघ अंतर मोजून लिही, आणि खूण ते चिखल हेही. दोन काठ्या बांधाच्या बाहेरही लाव. आत आणि बाहेर पाणी एकाच उंचीला येत नसेल तर समज की फुटीचं तोंड अरुंद आहे आणि आतल्या शेताला खाडीची पुरती भरती मिळत नाही. ही एक गोष्ट कळली की कुठलं झाड कुठं आलं याचा अर्धा उलगडा होतो. प्रत्येक काठीभोवती चौकट आखून रोपं मोज, जात लिही, उंची घे. कॉलेजातून मागून आणता आला तर रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता बघ; एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. फरक बघून तोंडात बोट घालशील.

आता मघाचे दोन पावसाळे. बिया पावसाळ्यात पडतात, पाणी गोडं होतं तेव्हाच रुजतात. पीएच.डी.चा प्रवेश, कमिटी, परवानगी हे सगळं उरकेपर्यंत बहुतेकांचा पहिला पावसाळा वाया जातो आणि मग सगळा प्रबंध वर्षभर मागे सरकतो. तुझ्याकडे दोन पावसाळ्यांचे आकडे आधीच असतील. नोंदणी झाली आणि आकडे प्रबंधात घ्यायचे ठरले की वन विभागाची लेखी परवानगी काढ, आणि ती काढायला फेब्रुवारीतच लाग. फांदी, माती, काहीही उचलायचं तर कागद हातात हवा. ओळखीवर विसंबू नकोस, साहेब बदलतात.

थोडं चिखलातलंही सांगून ठेवते, कारण हे कुणी गाईड सांगत नाही. गमबूट घालू नकोस, चिखल तो धरून ठेवतो आणि तू एकटी बाहेर येतेस. जुने कापडी बूट, नाडी घोट्याभोवती घट्ट बांधलेली. कालवांनी पाय कापला तर आठवडा जातो. एकटीने कधीच जायचं नाही, घरच्या शेतातसुद्धा. भरतीचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटव. बरोबर गावातलं कुणी घेतलंस तर त्याला रोज दे, ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकट राबवू नकोस. आणि बायकांची अडचण, सहा तास खाडीत, आडोसा नाही. भरतीचं गणित तसंच बसवायचं, पाणी पिणं बंद करायचं नाही. मी ते केलं आणि मूतखडा घेऊन बसले.

सप्टेंबरच्या सुमाराला एखाद दिवस शेतात जाशील आणि तिवरं अख्खी भुंडी दिसतील, पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. घाबरू नकोस. सागाची पानं खाते तीच अळी तिवरावरही येते. पुन्हा पालवी फुटते. ती किती दिवसांत फुटली, हे मात्र लिहून ठेव.

बी.एड.चं राहिलं. वाईट काही नाही त्यात. पण ते पुढेही करता येईल, हा पावसाळा पुढे येणार नाही. घरच्यांशी दोन वर्षांची मुदत ठरव. कुठल्या तरी प्रकल्पात असिस्टंट म्हणून लाग. सरकारी प्रकल्पांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात, मुलाखतीला थेट जायचं असतं. दोन वर्षांत फेलोशिप किंवा पगारी प्रवेश यांतलं काहीच हाती आलं नाही, तर तुम्ही म्हणाल ते, असं बाबांना सांग. आणि तो शब्द पाळ.

आज संध्याकाळी ते पडवीत बसले की त्यांच्याजवळ वही घेऊन बस. बांध फुटला त्या रात्री पाणी पहिल्यांदा कुठल्या बाजूने आत आलं, शेतातला सगळ्यात सखल कोपरा कुठला होता, तिथं पूर्वी कुठलं भात लावायचे, आणि पहिलं तिवर त्यांना कधी दिसलं, ते विचार. मधे बोलू नकोस. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरव आणि पानावर तारीख घाल.

– मावशी